दहा जमवणारी अकरावी

आदरणीय मावशी,

मी रायगड जिल्ह्यातल्या एका लहान गावातली बेने इस्रायली (कोकणातली मराठी बोलणारी ज्यू) बाई आहे, वय ४३. गावात आमची आता पाचच घरं उरलीत. मशीद (सिनेगॉगला आमच्या घरांतून पूर्वापार मशीदच म्हणतात) आमच्या पणजोबांच्याही आधीची. सासरे गेले तेव्हा त्यांचं सेक्रेटरीचं काम 'तोवर तू बघ' म्हणून माझ्याकडे आलं. त्याला सात वर्षं झाली. दर गुरुवारी संध्याकाळी मी पेण, पनवेल, ठाण्याला फोन लावत बसते. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. कधी सात येतात, कधी चार. प्रार्थना चालवणाऱ्या हजानचा प्रवासखर्च, विजेचं बिल, पावसाळ्याआधी कौलं, कबरस्तानातलं गवत, पाहायला येणाऱ्यांची पासपोर्टसकट नोंद, पोलीस ठाण्याला खबर, सगळं माझ्याकडेच. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इस्रायलमधल्या लोद-अश्दोदपर्यंतची पन्नासेक माणसं आहेत. सल्ला सगळे देतात.

पैशाचा व्यवहार अध्यक्षकाकांच्या वहीत. ते ७९ वर्षांचे, अगदी सचोटीचे. ठाण्याच्या एका कुटुंबाने देणगीचा हिशेब विचारला, तर ते इतके दुखावले की महिनाभर मशिदीत आले नाहीत, आणि ते कुटुंब मी चिथावलं असं ठरलं. गेल्या दारफाळणीच्या सणाला (योम किप्पुरच्या उपासाला) दुपारनंतर नऊच पुरुष राहिले. प्रार्थना खोळंबली. कुणीतरी म्हणालं, 'सेक्रेटरीने आधी बघायला नको?' मी उपाशीपोटी बायकांच्या बाजूला उभी होते. दहा मोजताना मी धरली जात नाही, आणि दहा भरले नाहीत की बोल मात्र मला. राजीनामा लिहून ठेवला आहे. पण दिला तर मशिदीला कुलूप लागेल या भीतीने झोप लागत नाही. काय करू?

— एक वाचक

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा 'तोवर तू बघ' या तीन शब्दांपाशी अडले. तोवर म्हणजे कुठवर, हे तुला कुणी सांगितलं नाही आणि त्या दिवसांत, घरात दुःख असताना, तूही विचारलं नसशील. सात वर्षांत त्या शब्दांचं पद झालं नाही, तुला मत मिळालं नाही. नुसती कामं वाढत गेली. तुझा थकवा कामाचा जेवढा आहे, त्याहून जास्त या अधांतरी असण्याचा आहे असं मला वाटतं.

राजीनामा फाडू नकोस आणि आत्ता देऊही नकोस. कपाटात राहू दे. येत्या नव्याच्या सणापर्यंत (आपल्या नववर्षापर्यंत) मी सांगते तेवढं करून बघ. त्यानंतरही वाटलं तर दे, आणि तेव्हा देताना मनात अपराध ठेवू नकोस.

आधी माझी एक गोष्ट सांगते. मुंबईतल्या एका मशिदीत मी अकरा वर्षं सण-समारंभाचं सगळं पाहिलं. किद्दुशच्या आशीर्वादाला आपल्याकडे मनुकांचं शरबत लागतं. मनुका कुठल्या दुकानातून आणायच्या, किती वेळ भिजवायच्या, कुठल्या फडक्याने गाळायच्या, भांडी कोणत्या कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली कुठे, सगळं माझ्याकडे. एका वर्षी सिम्हाथ तोराच्या सणाच्या आठ दिवस आधी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या संध्याकाळी मशिदीत शंभरेक माणसं जमली आणि शरबत नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स हॉस्पिटलात. मला दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी रागाने रडले. एवढी माणसं, आणि एकाला सुचलं नाही मला फोन करायचं! भेटायला आलेली एक तरुण सून खाली मान घालून म्हणाली, "मावशी, तुम्ही कधी कुणाला हातच लावू दिला नाहीत. आम्हाला वाटलं, ते तुमचं आहे." तिचं खरं होतं. दर वेळी मदतीला कुणी आलं की 'राहू दे, मी करते' असं मीच म्हणत आले होते. अकरा वर्षं मी ज्याला सेवा समजत होते, त्यात इतरांना परकं करणंही मिसळलेलं होतं. मी ते कुणाच्या वाईटासाठी केलं नव्हतं, तरी झालं तसंच.

तुझं अगदी असंच झालं आहे असं मी म्हणत नाही. तुझ्यावर लादलं गेलं, मी ओढून घेतलं होतं. पण शेवट एकाच ठिकाणी होतो. एका माणसाच्या खांद्यावरची मशीद हळूहळू त्या माणसाची होते, आणि बाकीचे पाहुणे होतात. पाहुणा यायला उशीर करतो, जेवण कसं झालं ते सांगतो, आणि यजमान चुकला तर बोलतो. दारफाळणीच्या दिवशी जे कुणी बोललं ते पाहुणा होऊन बोललं.

आपल्या जुन्या माणसांनी हे ओळखलं होतं. बेने इस्रायलांच्या मशिदीत कामं आधीपासून वाटलेली असत. वर मुकादम. त्याच्या मदतीला चौगुले. पैशाला गब्बाय. लग्नकार्य आणि तंटे पाहायला काजी. प्रार्थना चालवायला हजान. दिवाबत्ती, झाडलोट आणि घरोघरी निरोप पोचवायला समाश. मुकादम, चौगुला हे शब्द आपण गावगाड्यातून उचलले. जसा गावात पाटलाच्या हाताशी चौगुला, तसाच मशिदीत. शब्द कोकणातले, काम शब्बाथचं. आता तुझ्या पत्रातली कामांची यादी पुन्हा वाच. मुकादमाचं अर्धं काम, चौगुल्याचं सगळं, समाशाचं सगळं, आणि गब्बायच्या चुकांचा मार. चार माणसांची जागा तू एकटी भरते आहेस.

तोरात, आपल्या धर्मग्रंथात, मोशेच्या सासऱ्याची, यिथ्रोची गोष्ट आहे, तुला माहीत आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला, लोक रांगेत उभे. सासरा येऊन म्हणतो, हे बरं नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. आपण ही गोष्ट मोशेच्या दमण्याची म्हणून सांगतो. पण यिथ्रो म्हणतो, तूही झिजशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही झिजतील. रांगेत नुसतं उभं राहणारा माणूसही दमतो. तुझ्या ग्रुपवरची पन्नास माणसं आळशी आहेत असं समजू नकोस. ती रांगेत उभी आहेत. त्यांच्या हातात काही दिलेलंच नाही, म्हणून ती सल्ला देतात.

तेव्हा पहिली गोष्ट, ग्रुपवर 'सर्वांनी सहकार्य करावे' असं लिहिणं आजपासून बंद. सर्वांना म्हटलं की ते कुणालाच लागत नाही. एका माणसाला, नाव घेऊन, एक काम सांगायचं, आणि ते इतकं लहान हवं की नाही म्हणायला त्यालाच संकोच वाटावा. 'कबरस्तानाचं बघाल का' असं नको. 'गवत कापायला माणूस गणपतीनंतर येतो, त्याला तुम्ही फोन करायचा आणि कापून झाल्यावर फोटो घ्यायचा, पैसे ट्रस्ट देईल' असं. पेणच्या कुणाला कौलांचं. पनवेलच्या कुणाला हजानच्या येण्या-जाण्याचं, कारण तो त्याच वाटेने येतो. आणि सांगितल्यावर मागे लागून आठवण करायची नाही. एखादं काम राहील. राहू दे. वीजबिल आणि पोलिसांकडची नोंद ही दोन राहून चालणार नाहीत, तेवढी सध्या स्वतःकडे ठेव. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या नरीमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून आपल्या मशिदींवर बंदोबस्त असतो, आणि कोण आलं-गेलं याची वही नीट हवीच. बाकी एखाद्या पावसात गळलं तर दुसऱ्या वर्षी कौलांना माणूस मिळतो.

आता दहाचं.

दर शब्बाथला दहा जमवण्याचा हट्ट सोड. मी हे हलकेपणाने लिहीत नाही. पाच घरांच्या गावात, जिथे निम्मे पुरुष नोकरीसाठी बाहेर, तिथे वर्षातले सगळे शब्बाथ दहांनी भरतील ही अपेक्षा तुला दर शनिवारी हरवते, आणि येणाऱ्या सातांनाही. ते सात जण आले हे बाजूला राहतं, तीन आले नाहीत तेवढंच उरतं. दहा नसतील तर कद्दिश (गेलेल्यांच्या नावाने म्हणतात ती), केदुशा, बारेखु या प्रार्थना आणि सेफेर तोराचं, म्हणजे तोराच्या गुंडाळीचं, वाचन होत नाही. पण शमा म्हणता येतं, उभ्याची प्रार्थना मनात होते, तेहिल्लिम (स्तोत्रं) वाचता येतात, किद्दुश होतं. मशीद उघडते, दिवा लागतो. चार आले तर चारांची प्रार्थना करा आणि वेळेवर सुरू करा. वाट पाहत दाराकडे बघत बसलेली मंडळी हे मशिदीतलं सगळ्यात उदास दृश्य असतं, आणि पोरं तेच लक्षात ठेवतात.

त्याऐवजी वर्षातले मोजके दिवस धर आणि त्या दिवशी दहा म्हणजे दहा. कुठले, तर सण आहेतच. त्याखेरीज रविवार बघ. शनिवारी लांबून यायचं म्हणजे शब्बाथला प्रवास करायचा का हा प्रश्न येतो, त्याचं उत्तर हजानकडून घ्यावं, माझ्याकडून नाही. रविवारी तो प्रश्नच नाही, आणि नोकरी-शाळेचीही सुट्टी. एरवी रविवारी सेफेर तोरा काढत नाहीत. पण रोश होदेश (हिब्रू महिन्याची सुरुवात) रविवारी आला तर काढतात, आणि हनुक्काच्या सणाच्या आठही दिवशी काढतात. त्या आठांत एक रविवार येतोच. कॅलेंडर घेऊन बस, वर्षातले असे रविवार हेर, आणि ते आत्ताच सगळ्यांना कळव. गुरुवारी संध्याकाळी केलेल्या फोनला 'बघतो' हे उत्तर मिळतं. चार महिने आधी सांगितलेल्या तारखेला माणूस रजा टाकून येतो. सकाळी प्रार्थना, मग मलिदा. एलियाहू हनाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाचा मलिदा म्हटलं की ज्यांना हिब्रूचं अक्षर येत नाही तेही येतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, पाच फळं, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेलं ते गाणं. माझ्या माहेरी तर म्हणत, ज्याला मशिदीची वाट आठवत नाही त्याला मलिद्याचा वास आणतो.

याहून मोठी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा कळली. 'दहा कमी पडतात, ये' या निरोपाने माणूस येत नाही. त्यात त्याला स्वतःचं काही दिसत नाही, तो नुसता आकडा असतो. 'या आठवड्यात तुझ्या बाबांची वर्षी येते, मशिदीत कद्दिश म्हणशील का?' असं विचारलं तर तो येतो. एकटा येत नाही, भावाला घेऊन येतो. बहुतेकांना आईवडिलांच्या मृत्यूची इंग्रजी तारीख ठाऊक असते, हिब्रू नसते. ती काढून देणारं कुणी हवं, आणि इथे तुझ्या लोद-अश्दोदच्या मंडळींना बोलाव. त्यांना एक काम दे: गावातून गेलेल्या सगळ्या घराण्यांच्या वर्षींची हिब्रू तारखांची यादी. कबरस्तानातल्या दगडांवरून, जुन्या वह्यांवरून, तिकडच्या म्हाताऱ्यांना विचारून. दगडांचे फोटो इकडून कुणी मुलाने काढून पाठवावेत, तिकडे त्यांनी ते वाचून उतरवावेत. तिकडच्या तरुण पिढीला हिब्रू येतं, मराठी अडखळतं. म्हाताऱ्यांचं उलटं. एकेका दगडासाठी आजी आणि नात एकत्र बसतील. त्यांनी गाव सोडलं म्हणून त्यांचं गावाशी नातं तुटलं नाही. सल्ला देणं हा ते नातं टिकवण्याचा त्यांना सापडलेला एकच मार्ग असेल. तू दुसरा दाखव.

एक सावधगिरी मात्र. त्यांच्याकडून काम घे, पैसे घेताना थांब. इस्रायलचं नागरिकत्व घेतलेल्या माणसाने ट्रस्टला दिलेली देणगी कायद्याने परकीय देणगी ठरते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाचं कार्ड) असलं, मूळ गाव हेच असलं, सुट्टीत येऊन रोख दिली, तरीही. त्यासाठी एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. काकांच्या वहीत अशा नोंदी असतील तर घाबरू नका, पण लपवूही नका. सीएकडे वही घेऊन जा आणि पुढे काय करायचं ते विचारा. प्रेमाने दिलेल्या पैशातून म्हाताऱ्या माणसाला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लागू नयेत.

म्हणजे आता काकांकडे यायलाच हवं.

तुझे काका चोर नाहीत, हे तू लिहिलंस आणि मी मानते. त्यांना हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं वाटतं, कारण त्यांच्या पिढीत शब्दावर व्यवहार चालला. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना मोशेचं सांग, त्यांना ते ठाऊक असेलच. मिश्कानसाठी (वाळवंटातल्या पवित्र तंबूसाठी) आलेल्या सोन्याचांदीचा मोशेने लोकांना हिशेब दिला. कुणी मागितला असं तोरात कुठे लिहिलेलं नाही. सोनं २९ किक्कार आणि ७३० शेकेल (ही तेव्हाची वजनं), चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. त्या वरच्या १,७७५ शेकेलांचं काय झालं, तेही सांगितलं आहे: खांबांच्या आकड्या केल्या. ज्याच्याशी देव तोंडातोंडी बोलत होता, त्याने आकड्यांचा हिशेब दिला. आणि मिश्नात, आपल्या जुन्या नियमांच्या ग्रंथात, यरुशलेमच्या मंदिराच्या खजिन्याबद्दल म्हटलं आहे की खजिन्याच्या खोलीत जाणाऱ्याने दुमडीचा अंगरखा घालून जाऊ नये, पायात जोडाही नको. का, तर उद्या तो गरीब झाला तर लोक म्हणतील खजिन्याच्या पापाने झाला, श्रीमंत झाला तर म्हणतील खजिन्यातून झाला. तो नियम चोरासाठी केलेला नव्हता. सज्जनाच्या नावाला डाग लागू नये म्हणून होता. गरिबांच्या पेटीचंही तसंच: गोळा करायला दोघं, वाटायला तिघं. हे काकांना तू सांगण्यापेक्षा हजानकडून सांगवलंस तर बरं, माणूस आपल्या बरोबरीच्याचं ऐकतो.

मग प्रत्यक्षात काय करायचं? एखाद्या घरातली कॉमर्सला शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल त्याला काकांकडे तीन-चार दुपारी पाठव. काकांनी वही वाचायची, पोराने उतरवून घ्यायचं. तू तिथे बसू नकोस. वहीत पैशांबरोबर चाळीस वर्षांच्या गोष्टी निघतील, कुणी हेखालचा (सेफेर तोरा ठेवायच्या कपाटाचा) पडदा दिला, कुणी बाक, आणि त्या ऐकणारं तरुण माणूस समोर असेल तर काकांचा राग निम्मा तिथेच उतरेल. पुढच्या सणाला, प्रार्थना झाल्यावर नव्हे, जेवायला बसण्याआधी, हिशेब काकांनी स्वतः वाचून दाखवावा. दुसऱ्या कुणी नाही. त्यानंतर छापील पावतीपुस्तक आणि बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या. ठाण्याच्या त्या कुटुंबाला यातली एक सही दे. ज्याने विचारलं त्यालाच जबाबदारी द्यायची. विचारणारा माणूस तुटलेला नसतो, तो अजून आत असतो.

कागदांचं एक राहिलं. आपल्या मशिदी बहुतेक सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून तुमच्या ट्रस्टचा शेड्यूल वनचा (न्यासाच्या नोंदीचा) उतारा काढ. माझा अनुभव असा की त्या उताऱ्यावर बऱ्याचदा वारलेल्या आणि परदेशी गेलेल्या माणसांची नावं असतात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. राहिला असेल तर उशिराच्या माफीच्या अर्जासह द्या. हे आत्ता कंटाळवाणं वाटेल. पण उद्या कुणी मशिदीच्या मागच्या वाडीवर डोळा ठेवून आला, तर 'विश्वस्त कोण' हाच पहिला प्रश्न येतो. ट्रस्टची जमीन आयुक्तांच्या आगाऊ मंजुरीशिवाय विकता येत नाही. पण ती राखायला कागदावर जिवंत माणसं लागतात.

आणि त्या कागदावर तुझं नाव हवं.

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. मिन्यानमध्ये, म्हणजे त्या दहांत, बायकांना धरावं की नाही हा प्रश्न मी या सदरात सोडवणार नाही. तुमच्या मशिदीची रीत तुमच्या मंडळींची आहे, आणि तीवर ज्यांचा विश्वास आहे त्यांना मी कमी लेखत नाही. आपल्यातच वेगळी वाट काढणारेही झाले. १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी राहिली, तिच्या संस्थापकांत डॉक्टर जेरुशा झिराड होत्या. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, पुढे १९६६ मध्ये पद्मश्री. शंभर वर्षांपूर्वी एका बेने इस्रायली बाईने प्रार्थनेची संस्था उभारण्यात पुढाकार घेतला, आणि आपल्याच घरांतून मुलींना ते सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण तेबावर (प्रार्थना चालवायच्या चौथऱ्यावर) कोण उभं राहतं आणि विश्वस्त मंडळावर कोण बसतं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर धर्माच्या रीतीत आहे, दुसऱ्याचं ट्रस्टच्या नियमावलीत. ती काढून वाच. 'पुरुष' असा शब्द तिथे लिहिलेला आहे की नुसताच सगळ्यांनी धरून चालवलेला आहे, ते बघ. लिहिलेला नसेल तर पुढच्या सभेत विश्वस्तपद माग. मागताना सात वर्षांची कामं मोजून दाखवू नकोस, त्याने समोरचे बचावाला उभे राहतात. एवढंच म्हण: सेक्रेटरीचं काम करायला मी तयार आहे, पण मतासह, सहीसह, आणि तीन वर्षांच्या मुदतीसह. मुदत फार महत्त्वाची. 'तोवर' हा शब्द तुझ्यापाशी संपायला हवा, तुझ्यानंतर येणाऱ्याला तो मिळू नये. आणि त्यांनी नाही म्हटलं तर कपाटातला तो कागद काढ. शांतपणे दे, किल्ल्या आणि फायली मोजून दे, आणि बाजूला हो. बिनमताचं, बिनमुदतीचं काम पुन्हा उचलू नकोस, कितीही गोड बोलून दिलं तरी. अध्यक्षांनी 'घरची सून' म्हणून दिलं तर नाहीच नाही.

मग कुलूप लागेल, ही तुझी भीती. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते लिहिते.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात जोडपी वाचली, असं आपण मानतो. त्यांची लेकरं अलिबाग, रोहा, पेण, पाली अशी पांगली, तेल गाळू लागली, आणि शनिवारी घाणा थांबवायची म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्या सगळ्या पिढ्यांकडे मशीद नव्हती. मुंबईतली पहिली, शाआर हारहामिम, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधली. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले ते गृहस्थ. त्याआधीची शतकं लोकांकडे शमा होता, शब्बाथ होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते, आणि एकमेकांची घरं होती. मशिदीने समाज उभा केला नाही. उलट झालं. बांधणाऱ्या दिवेकरांचं नाव आपण पोरांना पाठ करायला लावतो. त्यानंतर सव्वादोनशे वर्षं ज्यांनी दर शुक्रवारी तिथल्या दिव्यांत तेल घातलं, त्यांचं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि तू त्यांच्यातली आहेस. तुझ्या कामाला मी लहान म्हणत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास होते, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. काही मशिदींत खरंच वर्षातून एक-दोनदाच दार उघडतं. तुमच्या गावाचं उद्या तसं झालं, तर ते तुझ्यामुळे झालं असं कुणी म्हणू नये आणि तूही म्हणू नयेस. पाच घरांची पाचही पोरं पुण्या-मुंबईला गेली तर ते काळामुळे होईल. पण पाचही घरं तिथेच असताना, पेण-पनवेलात नातलग असताना, केवळ किल्ली एकीच्याच कमरेला होती म्हणून दार बंद राहिलं, असं मात्र होऊ देऊ नकोस. माझ्या शरबताच्या कपाटाचं तसंच झालं होतं.

म्हणून या आठवड्यात एकच कर. बाजारात जाऊन मशिदीच्या किल्ल्यांचे आणखी दोन जोड बनवून घे. एक काकांच्या घरी ठेव. दुसरा त्या घरात दे, जिथून दारफाळणीच्या दिवशी तो टोमणा आला होता. देताना टोमण्याचा उल्लेख करू नकोस. 'शुक्रवारी चार वाजता उघडाल का, मला उशीर होणार आहे' एवढंच सांग, आणि खरोखर उशिरा जा.

आणि रोश होदेशचा पहिला रविवार ठरला की मला कळव. मी सकाळच्या पहिल्या लाँचने मांडव्याला उतरेन. दहांत आपण दोघी धरल्या जाणार नाही, पण मलिद्याचे पोहे भिजवायला आणि नारळ खवायला बसू, आणि काका हिशेब वाचतील तेव्हा पुढच्या बाकावरून ऐकू.

तुझी,
मावशी